आजारी आईची मुलगी

प्रयोगशाळेत सगळे तिला गाळवाली ताई म्हणत. सांडपाण्याच्या गाळातले जिवाणू पाणी कसं स्वच्छ करतात, यावर तिची पीएच.डी. चालली होती. काचेच्या उभ्या टाकीत तो काळपट गाळ सतत बुडबुडत असायचा. खालून पंपाची हवा, वरून नळीतून खाद्य. हवा थांबली की जिवाणू मेले, आणि सगळं पहिल्यापासून.

त्या परक्या देशात मी तिच्या शेजारच्या टेबलावर काम करायचो. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून तिची बोलणी खायलाही मीच. "ताई, जेवलीस का?" असं विचारलं तर म्हणायची, "आधी या पोरांचं उरकू दे. ही रडून सांगत नाहीत, गुपचूप मरतात."

खरी पोर एकच. चिमणी, दुसरीतली. नवरा नोकरीपायी मायदेशातच राहिलेला. शाळा सुटली की चिमणी शाळेच्याच पाळणाघरात थांबायची. वारंवार उशीर करणाऱ्यांच्या मुलांची जागा काढून घ्यायची, असा तिथला नियम. जागा गेली असती तर ताईला शिक्षण गुंडाळून परतावं लागलं असतं. तरी तिला उशीर व्हायचाच.

एकदा नळी तुंबली. ताई धापा टाकत पोचली तेव्हा बाकीची मुलं घरी गेली होती आणि चिमणी दप्तर पाठीला लावून बसली होती. माफीची वाक्यं ताईने वाटेतच घोकली होती, पण पाळणाघराच्या बाईंनी तिला बोलूच दिलं नाही. त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"उशिराचं मनाला लावून घेऊ नका. चिमणीने सांगितलंय सगळं. मूत्रपिंडाचं दुखणं, त्यात ते मशीनला जोडून बसणं! हिची जागा कुठे जात नाही. तुम्ही आधी बऱ्या व्हा."

ताईला वाटलं, भाषा आपल्याला नीट कळली नाही. मग तिने चिमणीकडे पाहिलं. चिमणी बुटांकडे बघत होती.

"मग तू काय म्हणालीस?" ताईने हे सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं.

"आभार मानले. शिवाय जिना उतरताना कठडा धरला, अरे. कशाला धरला मी? तर बाई बघत होत्या म्हणून!"

बसची वाट बघताना तिने चिमणीला धरलं. "हे कुठून काढलंस गं?"

"वर्गातल्या एकाच्या आजोबांना असतं ते. नळ्या, पंप, तुझ्या टाकीसारखंच. मला नीट सांगता आलं."

"पण खोटं कशाला?"

"मग काय सांगू? आई गाळाला भरवतेय म्हणून?" चिमणी जरा थांबून म्हणाली, "आजारी आईची मुलगी शेवटी राहिली की बाई गोष्ट वाचून दाखवतात. नुसतीच उशिरा येणाऱ्या आईची राहिली की घड्याळ बघतात."

ताईला खरी लाज वाटायची ती त्यानंतरच्या दिवसांची. तिने बाईंना काही सांगितलंच नाही. उलट निवांतपणे उशीर करू लागली. गाळ जोमात होता, आकडे छान येत होते, मार्गदर्शकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मीही टाळ्या वाजवल्या. ताई टाळ्या संपेपर्यंत नळीशी चाळा करत राहिली.

मग एके संध्याकाळी ती पाळणाघराच्या दारात पोचली तेव्हा आत एक मुलगी चिमणीला विचारत होती, "तुझी आई मरणार आहे?"

चिमणी चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "पंप चालू आहे तोवर नाही."

दुसऱ्या दिवशी ताईने टाकी माझ्यावर सोपवली. तोवर तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. "जगले तर जगले," म्हणाली आणि भर दुपारी निघाली.

पाळणाघर भरलेलं होतं. ताईने बाईंना बाजूला घेतलं. मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, "मी आजारी नाही. मला उशीर होतो, कारण मी कामात वेळ विसरते. ते आजाराचं मीच शिकवलं होतं हिला. हिचा दोष नाही."

बाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढ्याशा मुलीला? स्वतःची आई मरायला टेकलीय, असं सांगायला लावलंत?"

"हो."

"उद्यापासून नियम सगळ्यांना असतो तोच. एकदा जरी उशीर झाला, तरी जागा गेली समजा." मग त्या चिमणीपाशी गेल्या, खाली बसल्या आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारून हळू आवाजात काहीतरी बोलल्या. चिमणी त्यांच्या खांद्यावरून आईकडे बघत राहिली. आपलं खोटं आईने स्वतःच्या अंगावर घेतलंय, हे तिला कळलं होतं. ताईला मात्र त्या नजरेला नजर देववेना.

रस्त्यावर आल्यावर चिमणीने तिचं बोट धरलं.

"बाई माझ्यावर रागावल्या नाहीत."

"माहितीये."

"तुझ्याशी आता बोलणार नाहीत ना?"

"कामापुरतं बोलतील."

"तुला चालेल?"

"चालवून घ्यायचं," ताई म्हणाली आणि दोघी बसथांब्याकडे वळल्या.