सलाममावशी

सलाममावशींनी कुणाच्या दाराची बेल कधी वाजवली नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच त्या मोठ्याने "सलाम" म्हणायच्या, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने तो ऐकून दार उघडावं अशी त्यांची अपेक्षा असायची. आम्हा ख्रिस्ती लोकांचा हा नेहमीचाच नमस्कार. पण आमचा बिहारी वॉचमन पहिल्या दिवशी गोंधळून "वालेकुम सलाम" म्हणाला. मावशींना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट या सोसायटीत उत्तर देणारा हा एकच माणूस आहे, असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या.

मावशी मूळच्या मुळशी धरणाकडच्या. उभं आयुष्य एका दवाखान्यात आया म्हणून गेलं आणि उतारवयात त्या जांबे गावात एका खोलीत राहायला आल्या. आजूबाजूला सगळे आयटीतले भाडेकरू. रविवारी हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आमची उपासना भरायची. पाळकसाहेब उपदेश करत असताना मावशी मागच्या रांगेतून कोण आलं नाही ते बघून ठेवायच्या. सोमवारपासून त्यांची फेरी सुरू व्हायची, कधी महाळुंग्याला, कधी दोन बसगाड्या बदलून भूगावला.

"उपदेश पाळकसाहेबांनी करावा. मी नुसती बसते," असं त्या म्हणायच्या. पण नुसतं बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आल्या आल्या त्या लसूण सोलायला मागायच्या. समोरचं माणूस त्यांच्या हाताकडे बघत बघत केव्हा बोलायला लागायचं, त्याचं त्यालाच कळायचं नाही. निघताना त्याच हातांनी डोक्याला स्पर्श करून त्या दोन वाक्यांची प्रार्थना करायच्या. आमच्या निम्म्या मंडळीच्या डोक्याला लसणाचा वास येत असणार.

माझी बायको सुषमा तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेली. मला रडू आलं नाही. आठवड्याभरात मी लॅपटॉप उघडून कामाला बसलो. मन घट्ट केलंय असं लोक म्हणाले, पण घट्ट करायला मन जागेवर असावं लागतं. महिन्याभराने एका घरसभेत साक्ष द्यायला मला उभं केलं. देवाने आपल्यासाठी काय केलं ते साक्षीत सांगायचं असतं, आणि बोलणारा थांबला की बाकीच्यांनी आमेन म्हणायचं असतं. मी म्हणालो, "माझा विश्वास उरलेला नाही." आणि श्वास घ्यायला थांबलो. सवयीप्रमाणे सगळ्यांनी एका सुरात आमेन म्हटलं.

सगळे वरमले. मी खाली बसलो. आमेन न म्हणणाऱ्या एकट्या मावशी होत्या. त्यांनी माझ्यापुढे चहाचा कप सरकवला.

त्यानंतर दर गुरुवारी त्या माझ्याकडे येऊ लागल्या. मी स्वयंपाक करत नव्हतो, म्हणून लसूणही त्याच आणायच्या. माझ्या फ्रिजमध्ये सोललेल्या लसणाशिवाय दुसरं काही नसायचं. शेवटी एकदा मी म्हणालो की मावशी, तुमचा विश्वास डोंगराएवढा आहे, आतून काहीच न वाटणं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही.

मावशींनी सुरी बाजूला ठेवली. "माझी लेक गेली तवापासनं मला बी काय वाटत न्हाई, विनय. डोळं मिटलं की नुसता अंधार."

मग येता कशाला, असं मी विचारलं.

"वाटंल तवा जाईन म्हनले असते, तर कुनाच्याच दारात गेले नसते." मग सुरी परत उचलत म्हणाल्या, "मंडळीत बोलू नकोस. मानसं माज्यावर टेकून हायेत."

मी शब्द दिला. पुढच्या रविवारी उपासनेला जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. काही वाटलं नाही, पण बसलो.

गेल्या थंडीत मावशी झोपेतच गेल्या. त्यांच्या स्मरणसभेत जो तो उठून त्यांच्या अढळ विश्वासाबद्दल बोलत होता. शेवटी महाळुंग्याची प्रिया उभी राहिली. तिचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं आणि मावशी तिच्याकडेही जायच्या. ती कोरड्या आवाजात म्हणाली, "मावशींसारखा विश्वास मला जमणार नाही. मला काहीच वाटत नाही. आजपासून मी येणार नाही." तिने पर्स खांद्याला लावली.

मी उठलो. "प्रिया, मावशींनाही काही वाटत नव्हतं," मी म्हणालो. "लेक गेल्यापासून. त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं. तरी त्या तुझ्याकडे येत राहिल्या."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. कुणीतरी माझ्याकडे रागाने बघितलं.  प्रिया परत खुर्चीत बसली आणि तिने पर्स काढून मांडीवर घेतली.

मावशींना दिलेला शब्द मोडल्याचं मला घरी पोचेपर्यंत वाईट वाटत राहिलं. सुषमा गेल्यानंतर मला काहीतरी वाटण्याची ती पहिलीच वेळ होती.