जाऊबाईंचा ट्रॅक्टर

माझ्या हँडबॅगेतून आजवर काय काय गावी गेलं आहे हे कळलं, तर प्रताप नगरातल्या माझ्या मैत्रिणी हळदीकुंकवाला मला दारातूनच परत पाठवतील. फॅनबेल्ट गेला आहे, ऑइल सील गेले आहेत, एकदा तर नव्या साडीच्या घडीत गुंडाळून सायलेन्सरचं गॅस्केट गेलं आहे. माझं ऑफिस नागपुरात सदरला, स्पेअरपार्टच्या दुकानांजवळच, त्यामुळे हे काम आपोआपच माझ्या गळ्यात पडलं. बायका सीताबर्डीला खरेदीला जातात तेव्हा मी स्पेअरपार्टच्या दुकानात उभी असते, आणि दुकानदार माझ्याकडे न बघताच म्हणतो, "मॅडम, इतक्या जुन्या मॉडेलचं आता येत नाही." मग मी हटून बसते. तो कुरकुरत मागच्या फळीवरून धूळ झटकून काहीतरी काढतोच.

हे सगळं माझ्या जाऊबाईंसाठी. माझ्या मोठ्या दिरांची बायको. नागपूरपासून तासाभरावर, काटोलच्या वाटेवर आमचं गाव. तिथलं वावर ती दोघं बघतात, आम्ही नोकरीवाले सणावाराला जाऊन हुरडा आणि संत्री खाऊन येतो. ट्रॅक्टर दिरांनी घेतला तेव्हाच तो तिसऱ्या मालकाकडे आला होता. मूळ रंग कोणता होता यावर घरात अजून एकमत नाही. त्याच्या खोड्या सांगायला बसलं तर जेवण थंड होईल. सेल्फवर पान्याने दोन टोले दिल्याशिवाय तो जागा होत नाही. मागची लिफ्ट वर केली की हळूहळू आपणहून खाली येते. तापमानाचा काटा कधीचाच एका जागी रुतून बसला आहे, म्हणून जाऊबाई अधूनमधून उतरून बॉनेटवर हात ठेवून बघतात.

आधी तो दीरच चालवायचे. मग त्यांचे गुडघे गेले आणि क्लच दाबणं त्यांना जमेनासं झालं. ड्रायव्हर ठेवून पाहिले, पण या ट्रॅक्टरवर कोणी टिकेना. तेव्हा एका सकाळी जाऊबाईंनी पदर खोचला आणि सीटवर जाऊन बसल्या. पन्नाशीची बाई, लुगड्यावरून दिरांचा जुना शर्ट चढवलेला. गावात हसले लोक. हसोत बापडे. मी पहिल्यांदा त्यांना नांगरटी करताना बघितलं तेव्हा बांधावर उभी राहून मला सरळ रडू आलं होतं, इतकं ते मला आवडलं. नांगराची तासं कशी रेघेत पडत होती! मला अजून स्कूटी धड वळवता येत नाही.

दुरुस्त्याही त्या हळूहळू स्वतःच करायला लागल्या. फिल्टर बदलणं, पट्टा ताणणं, डिझेलच्या नळीत हवा शिरली की नट सैल करून ती काढणं. स्वयंपाकघरातल्या चिमट्याने त्या काय काय उपसून काढायच्या ते बघितलं की मग त्या चिमट्याने भाजलेली पोळी खायची माझी हिंमत होत नसे.

पण मागच्या वर्षी ट्रॅक्टर फार वेळा बसला. दीर कंटाळले. शेजारचा एक शेतकरी बरेच दिवस आमचं वावर मक्त्याने मागत होता. मक्ता म्हणजे वर्षभरासाठी जमीन दुसऱ्याच्या हाती. सोयाबीन निघाल्यावर दीर एका संध्याकाळी म्हणाले, "मले क्लच दाबवत नाही, तुले हे मशीन झेपत नाही. किती ओढशीन? देऊन टाकू मक्त्याने."

जाऊबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"चना मी पेरते," त्या म्हणाल्या. "नाही साधला तर द्या खुशाल. मी तोंड उघडणार नाही."

मी तेव्हा दसऱ्याच्या सुट्टीत तिथेच होते. मला त्या बोलण्याची धास्ती वाटली, कारण त्या शब्द फिरवत नाहीत. एकदा वावर दुसऱ्याच्या हाती गेलं की या बाईने सकाळी उठून करायचं काय? घरात बसून टीव्ही बघणारी ती नव्हेच.

आणि हरभरा काही आपल्या सवडीने थांबत नाही. सोयाबीननंतर काळ्या जमिनीत वाफसा यावा लागतो. म्हणजे पाय ठेवला तर चिखल चिकटू नये, आणि मुठीत घेतलेली माती दाबली तर गोळा व्हावी. त्या मोजक्या दिवसांत पेरलं तर पेरलं. नंतर ऊन माती कडक करतं आणि दाणा तसाच पडून राहतो. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला, त्यामुळे दसऱ्याला ट्रॅक्टर अंगणातच होता. दिरांनी खंडेनवमीला त्याची पूजा मात्र दणक्यात केली. मक्त्याच्या गोष्टी करणारा माणूस, पण ट्रॅक्टरला न्हाऊमाखू घातलं, झेंडूची माळ घातली, तेलात शेंदूर कालवून कपाळाला जाड टिळा लावला. ट्रॅक्टरचं कपाळ कोणतं, हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणाला पडला नव्हता.

मी रजा वाढवून थांबले होते, म्हणून वाफसा आला त्या सकाळी आम्ही सगळेच वावरात गेलो. पेरणीयंत्र जोडलं, जाऊबाईंनी मातीला हात लावून कपाळाला लावला आणि निघाल्या. पेरणीची थोडी तासं झाली आणि इंजिन गचके खात बंद पडलं. त्यांनी नळीतली हवा काढली. सुरू झालं. पुन्हा थोडं चाललं, पुन्हा बंद. मी नुकताच आणलेला फिल्टर त्यांनी बसवला. तेच. शेवटी गावातल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने सगळं सोडून-जोडून बघितलं, तरी दुपारपर्यंत तेच रडगाणं.

"काकू, पंप गेला," तो म्हणाला. "खोलून नागपूरले न्या लागते. आठ दिवस तरी धरा."

आठ दिवसांत वाफसा कुठला राहतोय! दीर बांधावर बसले होते. त्यांची नजर शेजारच्या वावराकडे होती, आणि त्याचाच मला राग आला. जाऊबाईंचं तोंड उन्हाने की कशाने लालबुंद झालं होतं. एकदा, शेवटचं म्हणून, त्यांनी पुन्हा चालवून बघितलं. बंद पडल्याबरोबर त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "कॅन आण वं. पंप न्यायचा तर डिझेल काढून घेऊ."

बॉनेटवरचं टाकीचं झाकण त्यांनी फिरवलं. फुस्स असा आवाज आला.

त्या थबकल्या. झाकण हातात तसंच धरून माझ्याकडे वळल्या.

"तेलाच्या पिप्याले आपण दोन भोकं काहून पाडतो वं?"

मला वाटलं, उन्हाने बाईचं डोकं फिरलं. तरी मी म्हटलं, "एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. नाहीतर धार तुटते."

त्यांनी झाकण उलटसुलट केलं. वरच्या बाजूला शेंदराचा जाड पोपडा होता. अंबाड्यातली पिन काढून त्यांनी तो खरवडला, तेव्हा खाली टाचणीएवढं भोक निघालं. हवा आत जायचं तेवढंच भोक, आणि ते ठार बुजलेलं. डिझेल संपेल तशी टाकी वरून कोंडत होती आणि धार तुटत होती.

"अजी!" त्यांनी बांधाकडे बघून हाक मारली. "तुम्ही याचं नाक बुजवलं ना! कपाळ समजून नाकाले शेंदूर लावला!"

मेकॅनिक आधी हसला. मग मी. दीर उठून लंगडत आले, त्यांनी झाकण हातात घेतलं आणि स्वतःच्याच धोतराने ते लख्ख पुसून दिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की जाऊबाईंनी पुढचं चिडवणं गिळून टाकलं.

त्यानंतर ट्रॅक्टर बंद पडला नाही. मेकॅनिक पान्यांची पिशवी उचलून गेला. मी बियाणं भरत होते, दीर मागे चालत दाणा नीट पडतोय का ते बघत होते. दुखऱ्या गुडघ्यांनी अख्खं वावर चालले ते. जाऊबाई मान वळवून रेघ बघायच्या आणि पुन्हा समोर. मला त्या दिवशी त्यांच्याशी नातं असल्याचा चक्क गर्व वाटला.

शेवटची तासं राहिली होती तेव्हा तो मक्तेवाला शेतकरी बांधावर आला. सकाळपासून ट्रॅक्टर बसल्याची बातमी त्याच्या कानावर गेली असणारच.

"मग काय ठरलं गा भाऊ?" त्याने दिरांना विचारलं. "या वर्षी देता ना वावर?"

दिरांनी वाकून तासातली माती बाजूला केली, एक दाणा बोटाने दाबून पुन्हा झाकला आणि पाठ सरळ करत म्हणाले, "मले काहून इचारता? वावर तिचं आहे. तिले इचारा."

तो माणूस काही विचारायला पुढे गेला नाही.