समोरच्या घरातला कावळा

देवाने सृष्टी घडवताना आमच्या भाऊजींना शेजारी बसवून घेतलं असतं, तर आज सगळी झाडं एका उंचीची असती, सगळ्या नद्या एकाच दिशेने वाहिल्या असत्या आणि भांग कुठल्या बाजूला पाडायचा यावरून कुठल्याच घरात वाद झाला नसता. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वाकडं काही त्यांना बघवतच नाही. उडप्याकडे गेलो की स्वतःचा डोसा गार होऊ देऊन ते शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांच्या चटणीच्या वाट्या रांगेत लावतात. एकदा त्यांच्यासाठी मुलगी बघायला मुलुंडला गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन बाहेर येईपर्यंत यांनी तिच्या आजोबांची तसबीर सरळ केली होती आणि तिच्या वडिलांना सांगत होते, "हॉलमधलं बटण उजवीकडे फिरवलं की पंखा वाढतो आणि आतल्या खोलीत तसंच फिरवलं की कमी होतो. या घरात राहायची भीती नाही वाटत तुम्हाला?" लग्न काही जमलं नाही. पुढेही कुठे जमलं नाही. त्या गृहस्थांनी पंख्याची बटणं मात्र बदलून घेतल्याचं नंतर कानावर आलं.

या खोडीचा अंधेरीतल्या एका कंपनीत त्यांना पगार मिळतो. ती कंपनी घरगुती माणसांच्या मोबाइलसाठी ॲपचा एक संच करते. त्यात गजर आहे, कॅलेंडर आहे, फोटो ठेवायची जागा आहे, सामानाची यादी आहे. आधी प्रत्येक ॲप वेगळ्या लोकांनी केलेलं, त्यामुळे एकात मागे जायचं बटण वर, दुसऱ्यात खाली, तिसऱ्यात शोधत बसा. ही सगळी एका आईची लेकरं दिसली पाहिजेत, एवढं बघणं हे भाऊजींचं काम. मोबाइलच्या पडद्यासारखे कागद कापून ते आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडायचे, आम्हाला बोटं लावायला सांगायचे आणि आमच्या तोंडाकडे न बघता नुसत्या बोटांकडे बघत बसायचे. "वहिनी, माणसाचा हात आधी जातो, डोकं मागून येतं. हात एकदा फसला ना, की माणूस आतून घाबरतो." स्वयंपाकघरातल्या मिठाच्या डब्याबद्दल मी लग्न झाल्यापासून हेच ओरडून सांगत आले, पण मला कुणी एसी केबिन दिली नाही. सासूबाईसुद्धा हौसेने त्या कागदांवर बोट ठेवायच्या. त्यांची करंगळी लहानपणी दारात चेमटून कायमची वाकडी झालेली. भाऊजी म्हणायचे, या घरात मला सरळ करता आली नाही अशी ही एकच वस्तू.

बोरीवलीला आमचं आणि भाऊजींचं घर एकाच मजल्यावर, समोरासमोर. बिल्डरने दोन्ही घरं आरशात बघावी तशी बांधलेली. आमचा ओटा दारातून शिरलं की उजवीकडे, त्यांचा डावीकडे. सासूबाई एक महिना आमच्याकडे, एक महिना तिकडे राहायच्या, आणि कित्येक वर्षं त्यात काही अडचण नव्हती. मग त्यांचं विसरणं सुरू झालं. एके दिवशी मी तिकडे गेले तर त्या स्वयंपाकघरात कोऱ्या भिंतीपुढे हात लांब करून उभ्या होत्या. आमच्या घरात त्या जागी फळी आहे. "डबो खंय गेलो?" असं म्हणत त्या भिंत चाचपत होत्या आणि रडत होत्या. भाऊजी दारात उभे राहून ते बघत होते. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी गवंडी आणला. ओटा फोडून उजवीकडे घेतला, नळ फिरवले, दिव्यांची बटणं फिरवली. आमच्यासारखं कपाट, आमच्यासारख्या चादरी, आमच्या कपबशीला गेलेला टवका बघून तिकडच्या कपबशीलाही बेताने टवका पाडला. आमचे हे म्हणाले, "अरे, आता माझ्यासारखी ढेरी पण वाढव!" भाऊजी हसले नाहीत, विचारात पडले. एकच गोष्ट फिरवता येईना, ती म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी. आमच्या खिडकीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो आणि आंब्याची एक फांदी गजापर्यंत येते. त्यांच्या खिडकीतून रिक्षास्टँड. तेव्हा एका दुपारी ते आमच्याकडे कॅमेरा घेऊन आले, आणि पंधरवड्यात त्यांच्या खिडकीत, खिडकीएवढ्या छापलेल्या फोटोत, तोच डोंगर, तीच फांदी आणि गजावर बसलेला एक कावळा आला. दुकानांच्या पाट्यांना असतो तसा मागून उजेड सोडलेला होता. बाजूला आमच्यासारखाच पडदा. आपण चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीचीही भीती वाटू शकते, हे मला ती खिडकी पहिल्यांदा पेटली तेव्हा कळलं.

ती भीती नीट अंगावर आली ती महिन्याभराने. बाजारातून आले, दार उघडंच होतं, भाजी फ्रिजमध्ये टाकली, चहा टाकला, कप घेऊन खिडकीपाशी बसले. डोंगर होता, फांदी होती, कावळा होता. बरं वाटलं. आणि मग त्या डोंगराच्या पोटातून रिक्षाचा हॉर्न वाजला. मी कप धरून तशीच बसले. पुन्हा वाजला. फांदीवरचं एकही पान हलत नव्हतं, कावळ्याची मान हलत नव्हती, आणि मी कुणाच्या घरात बसले आहे हे मला क्षणभर खरंच सांगता आलं नसतं. संध्याकाळी हे भाऊजींना सांगितलं तर ते खूश! "म्हणजे जमलं, वहिनी!" ऑफिसातही तेव्हा त्यांचं असंच जमलेलं होतं. सगळी ॲप इतकी एकसारखी झाली होती की आपण कशात आहोत हेच लोकांना कळेना. चाचणीसाठी फोन दिलेल्या एका बाईंनी बाजाराची यादी चुकून गजरात लिहिली, आणि भल्या पहाटे त्यांचा फोन "कोथिंबीर! कोथिंबीर!" असं ओरडत सुटला. "सवय होईल त्यांना," भाऊजी म्हणाले.

सासूबाईंना सवय झाली नाही. त्यांची एक रीत होती. जेवायच्या आधी कावळ्याला घास ठेवायचा, आणि कावळ्याने घेतला की मगच आपण जेवायचं. मामंजी गेल्यापासून त्यांनी ती कधी मोडली नाही. आमच्या खिडकीत कावळा हाकेसरशी यायचा. तिकडे त्या चित्रासमोर घास ठेवायच्या आणि बुटक्या स्टुलावर वाट बघत बसायच्या. कावळा समोर होता, घासाकडेच बघत होता, आणि घेत नव्हता. भात सुकायचा. त्या महिन्यात सासूबाईंची हाडं दिसायला लागली. मी भरवायला गेले तर तोंड फिरवून म्हणाल्या, "कावळो बघता, पण खाणा नाय. तेंका माझो राग इलो असतलो." तेंका म्हणजे मामंजींना. मग पडद्याच्या खालच्या टोकाकडे बोट करून हळूच विचारलं, "आणि थंय तो हात कोणाचो असा गो? मेलो कधीपासून थंयच असा." तिथे पडद्याच्या चुण्यांशिवाय काही नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं, असं मी स्वतःला समजावलं.

भाऊजी सुट्टी घेऊन घरी बसले. आई, हे तुझंच घर आहे, ही तुझीच फळी, हा तुझाच डबा, असं एकेक वस्तू तिच्या हाताला लावून दाखवत राहिले. सासूबाईंनी सगळ्याला हात लावला. हात कुठेही चुकला नाही. मग त्या म्हणाल्या, "ह्यां घर आमचां न्हय. कोणीतरी आमच्या घरासारख्यां मांडून ठेवल्यान." आणि भाऊजींकडे निरखून बघत, "तू पण दिसतस माझ्या झिलासारखोच. पण तू कोणाचो रे?"

भाऊजी उठले आणि त्यांनी ते चित्र दोन्ही हातांनी खिडकीतून ओढून काढलं. रिक्षांचा आवाज, धूळ आणि दुपारचं ऊन असं सगळं एकदम आत आलं. सासूबाई खूप वेळ बाहेर बघत राहिल्या. "ह्यां कोणाचां घर?"

"माझं, आई. मी धाकटा. माझं घर वेगळं आहे."

"मगे तसां सांग ना!" त्या म्हणाल्या, आणि घास गजाबाहेर ठेवला. विजेच्या तारेवरून एक खराखुरा, पंख विस्कटलेला कावळा आला आणि घेऊन गेला. सासूबाई आमटीभात जेवल्या. भाऊजी ओट्याला टेकून रडत होते, आणि मीही.

त्यानंतर त्यांनी दार निळं रंगवलं, चादरी बदलल्या. डबा आणि फळी तेवढी तशीच ठेवली. ऑफिसातल्या संचातही बटणं सगळीकडे एकाच जागी राहिली, पण प्रत्येक ॲपला त्यांनी आपापला रंग दिला, उघडताक्षणी कळेल असा. "हाताला सवय पाहिजे वहिनी, पण डोळ्याला ओळख पाहिजे," ते म्हणाले. कोथिंबिरीचा गजर थांबला. सासूबाई त्यानंतर दोन घरांमध्ये पुष्कळ दिवस सुखाने राहिल्या आणि भाऊजींकडेच, दुपारच्या झोपेत गेल्या.

त्या गेल्यावर भाऊजी आमच्याकडे जेवायला येईनासे झाले. एका दुपारी मी भात आणि सोलकढी घेऊन गेले, तर खिडकीत पुन्हा तो डोंगर होता. उजेड सोडलेला. पुढे घास ठेवलेला, आणि भाऊजी त्या बुटक्या स्टुलावर ताट मांडीवर घेऊन बसलेले. ताटातला भात सुकला होता. चित्राच्या मागून, बंद खिडकीपलीकडून, कावळ्याचा आवाज येत होता.

"भाऊजी, हे काय?"

त्यांनी हात लांब करून पडद्याचं खालचं टोक बाजूला केलं. चित्राच्या कोपऱ्यात, अगदी कडेला, घास ठेवून मागे येणारा एक हात होता. मनगट नव्हतं, नुसती बोटं. करंगळी वाकडी.

"हा काढायचा राहून गेला, वहिनी," ते म्हणाले. "फोटो काढताना दिसलाच नाही. आणि ती बिचारी मलाही सांगत होती."

मी ताट त्यांच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं आणि त्यात ताजा भात वाढला. मग दोघांनी मिळून ते चित्र खिडकीतून काढलं आणि समोरच्या भिंतीवर, जेवताना दिसेल असं टांगलं. खिडकी उघडून मी घास बाहेर ठेवला, तो कावळ्याने नेला. वळून बघितलं तर चित्र एका बाजूला चांगलंच कललं होतं. भाऊजींनीही ते बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी ताट पुढे ओढलं आणि जेवायला सुरुवात केली. ते चित्र अजूनही तसंच कललेलं आहे.