विहिरीत सोडलेलं मडकं

नात नर्स झाली आणि लातूरला जर्मन शिकायला लागली. तिकडे दवाखान्यात नोकरी मिळते म्हणे. एवढ्या लांबून आमच्याच पोरी त्यांना कशाला हव्यात, हा माझा संशय मी रोज बोलून दाखवतो. परवा तिने एक लांबलचक शब्द फोडून दाखवला, ब्रुनेनफरगिफ्टर. ब्रुनेन म्हणजे विहीर, गिफ्ट म्हणजे विष; अख्खा शब्द म्हणजे विहिरीत विष कालवणारा. हे गिफ्ट मुळात नुसतं ‘दिलेलं’, पुढे त्याचं विष झालं. पूर्वी तिकडे प्लेग आला, तेव्हा ज्यू लोकांनी विहिरीत विष कालवलं अशी आवई उठली आणि माणसं जिवंत जाळली गेली.

मी म्हणालो, मलाही गावाने हेच ठरवलं होतं.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. दुष्काळ होता. जळकोटकडच्या एका गावात मी आरोग्यसेवक होतो. विहीर तळाला गेली आणि हगवण सुरू झाली. भोकं पाडलेल्या मडक्यात वाळू आणि ब्लीचिंग पावडर भरून ते विहिरीत टांगायचं, अशी पद्धत. पण आम्ही बौद्ध. आमच्या घागरीत पाणी वरून ओतलं जायचं, विहिरीला हात लावायची सोय नव्हती. वाद नको म्हणून मी भर दुपारी, कोणी नसताना गेलो. तिथंच फसलो. लटकणारं मडकं आणि आत पांढरी पूड बघून मी विष घातलं, भानामती केली असं गावाने ठरवलं.

चावडीपुढे बोलावलं. कुणीतरी त्याच विहिरीचं पाणी वरून ओतलं, ते मी सगळ्यांदेखत ओंजळीने प्यालो. आठवड्यात हगवण थांबली, पण चुकलो असं कुणी म्हटलं नाही. माझाच माणसांवरचा विश्वास उडाला. तेव्हापासून परक्याच्या घरी यजमानाने घोट घेतल्याशिवाय मी कपाला हात लावत नाही.

हे नातीला सांगत होतो, तेव्हा बायको शेजारी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मलाबी भ्या वाटलं होतं. लई वास येत होता पाण्याला. आठ दिवस लेकराला मळ्यातलं पाणी आणून पाजलं. तुमाला बोलले न्हाई.”

ते लेकरू म्हणजे या नातीचा बाप. इतकी वर्षं मी गावातल्या एकेका तोंडावर संशय घेतला, घरात मात्र कधी बघितलं नाही. राग आला, त्याहून जास्त वाईट वाटलं. मी पाणी मागितलं.  उठून बायकोने माठातलं पाणी आणून पुढे केलं आणि पहिल्यांदाच, घरच्या तांब्यापुढे, माझा हात थांबला.