‘आजच’ म्हटलं की सरांचा पाय मागे

कुणी ‘आजच’ म्हटलं की सरांचा उजवा पाय आपोआप एक पाऊल मागे जायचा.

“लेकरांनो, जो मानूस ‘आजच घ्या’ म्हनतो, त्याच्यापासून येक पाऊल मागं. मंग म्हनायचं, न्हाई.” हे ते वर्गात करूनही दाखवायचे. एकदा करून दाखवताना मागचा प्लॅटफॉर्म संपला आणि सर थेट कचऱ्याच्या टोपलीत बसले. मुलं हसली, तर बसल्या जागेवरून म्हणाले, “हसू नका. कर्जात पडन्यापरीस टोपलीत पडलेलं बरं.”

तुमच्याही कॉलेजात असे एक सर असतील. आमचे मूळचे नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडचे. दर शनिवारच्या एसटीने गावी जायचे आणि सोमवारी पिशवीभर तांदूळ घेऊन यायचे. विद्यापीठाने आर्थिक साक्षरतेचा विषय आणला तेव्हा तो कुणालाच नको होता, म्हणून तो सरांकडे आला. वर्गखोली नव्हती, म्हणून तो वर्ग माझ्या ग्रंथालयाला चिकटून भरू लागला. मधे प्लायवूडचा पडदा. मी ग्रंथपाल असल्यामुळे शांततेचा पगार घेत होते, ती शांतता त्या दिवसापासून गेली ती गेलीच.

सरांचं म्हणणं असं, की चक्रवाढ व्याज पुस्तकातूनही शिकता येतं. आपल्या पोरांना शिकवायचं ते नाही म्हणायला. आपल्याकडे कुणी दारात आलं की त्याला पाणी द्यायचं, चहा द्यायचा, आणि तो जे काही विकायला आला असेल त्यावर ‘बघू’ म्हणायचं. “‘बघू’ म्हंजे अर्धं ‘व्हय’ झालं,” सर म्हणायचे. “उरल्यालं अर्धं त्यो उद्या येऊन नेतो.”

म्हणून त्यांनी नकाराचं प्रात्यक्षिक सुरू केलं. टाय लावली की सर विमा एजंट, टोपी घातली की भिशीवाले मामा, काळा गॉगल चढवला की साखळी योजनेत ओढणारा जिवलग मित्र. समोरच्या मुलाने फक्त नाही म्हणायचं. पण जमेल तर शपथ. एक जण सरांच्या पाया पडला. एकाने एक पॉलिसी नाकारली आणि सरांना वाईट वाटू नये म्हणून दुसरी घेतली. खरं सांगते, एजंट झाले की सर इतकं गोड बोलायचे की पडद्यापलीकडून मीच सही करायला उठले होते.

मग महिनाभरात मुलं तयार झाली. रोज पलीकडून “न्हाई! न्हाई! न्हाई!” असा एका सुरात गजर यायचा. प्राचार्य एकदा धावत आले, त्यांना वाटलं संप झाला. पुढे प्राचार्यांनीच मुलांना वक्तृत्व स्पर्धेला आजच नावं द्या म्हणून सांगितलं, तेव्हा अख्खा वर्ग एक पाऊल मागे सरला. सरांना मेमो मिळाला. त्यांनी तो पेढे वाटावेत तसा सगळ्यांना दाखवला.

इथपर्यंत सगळी मजाच होती. मग बेलापूरच्या ओंकारचे वडील आले.

ओंकार एम.कॉम.चा, सरांचा लाडका विद्यार्थी. घरी चांगली शेती. पण हल्ली शेतीवाल्या मुलाला मुलगी कोण देतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याचे वडील ग्रंथालयातच खुर्चीच्या कडेवर टेकले. “सर, किती वरसं पोरगी हुडकतोय. शेती हाय म्हनलं की लोकं च्या पिऊन उठत्यात. पाथर्डीची येक पोरगी कशीबशी तयार झाली. तिचे मामा म्हनले, पसंत आसंल तर हितंच सुपारी फोडू, मंगल कार्यालयाचं टोकन आजच टाकायचंय, पैशाला कर्ज मिळतंय. तर ह्यो उठला, येक पाऊल मागं गेला, पव्ह्याच्या बशीत पाय दिला आन म्हनला, न्हाई.”

“पोरगी आवडली न्हाई का त्याला?”

“लई आवडली, सर! त्या दिवसापून जेवत न्हाई. म्हनतो, तोंडातनं निघूनच गेलं.”

सरांचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला. मी इतके दिवस हसत होते, पण त्या माणसाकडे बघून मलाही हसू येईना. पोराचं घर बसता बसता राहिलं होतं.

त्या शनिवारी सर गावी गेले नाहीत, रविवारी पाथर्डीला जायला जीप केली. सर मला म्हणाले, “बाई, तुमीपन चला. नुसती गडीमानसं गेली की भांडायला आल्यासारखं दिसतं.” ओंकार मागच्या सीटवर वडिलांशेजारी, परीक्षेला निघाल्यासारखा. पाथर्डीला पोचलो तर मुलीचे मामा ओट्यावरच बसलेले. पाणी आलं, चहा काही आला नाही.

“मामा,” सर हात जोडून म्हणाले, “चूक पोराची न्हाई. चूक अभ्यासक्रमाची हाय.”

“आमच्या भाचीला नाकारायचा अभ्यासक्रम निघालाय व्हय?”

झालं! सरांनी समजावून सांगायला सुरुवात केली, आणि समजावून सांगायचं म्हटलं की सरांना प्रात्यक्षिक लागायचं. मी कोपराने ढोसलं, डोळे वटारले, पण खिशातून टाय निघालीच. “समजा मामा, मी एजंट हाय,” म्हणून सर असे काही सुटले की मामा हळूहळू पुढे सरकले. शेवटी त्यांनी अगदी मनापासून विचारलं, “मंग हप्ता किती बसंल?”

घरातल्या बायका आतून खो खो हसल्या. मामांचे कान लाल झाले. “निघा,” ते उभे राहिले. “आमची चेष्टा करायला आलाव का?” ओंकारच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. मी चपलेत पाय घातला. होतं ते पण गेलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात दारात मुलगी आली. कोमल तिचं नाव. पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. “मामा, थांबा. मला बोलायचंय.”

“तू आत जा.”

“न्हाई,” ती म्हणाली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. “आतापत्तुर आले त्या समद्यांनी लगीच व्हय म्हनलं. तुला इचार करायला येळ पायजे का, आसं मला कुनीच इचारलं न्हाई, तुमीबी न्हाई. ह्यांनी न्हाई म्हनलं, तवा मला इचार करायला येळ मिळाला.”

मामा खाली बसले. ती ओंकारकडे वळली. “गाडी हप्त्यावर हाय?”

“हुती. फिटली.”

“लग्नाला कर्ज काढनार का?”

ओंकारने सरांकडे पाहिलं. एरवी पोरांच्या तोंडात उत्तर घालायला टपलेले सर तेव्हा घराचे पत्रे निरखत होते.

“न्हाई,” ओंकार म्हणाला. “शेतात मांडव घालू. जमंल तेवढीच मानसं बोलवू. तुला चालंल का?”

“इचार करून सांगते.”

मामांनी कपाळावर हात मारला आणि चहा टाकायला सांगितला. परतताना नगर जवळ आल्यावर सर चष्मा पुसत म्हणाले, “बाई, माझ्या विषयात आज पयल्यांदा कुनीतरी पास झालं.” मला भरून आलं. खोटं कशाला बोलू?

कोमलचा होकार आला. लग्न कांदा निघाल्यावर, बेलापूरच्या मोकळ्या रानात झालं. पुढच्या पावसाळ्यात अकोल्याहून फोन आला, सर झोपेतच गेले म्हणून. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. त्या विषयाला आता नवीन सर आहेत, चांगले आहेत, स्लाइड दाखवतात. ग्रंथालयात शांतता असते आणि ती मला अजिबात आवडत नाही.

पण सर म्हटलं की मला त्या लग्नातली पंगतच दिसते. सर धोतराचा काचा खोचून जिलेबीचं ताट घेऊन वाढायला शिरले होते. त्यांचीच मुलं पंगतीत बसलेली. दोन्ही हात पानावर आडवे धरून कळवळून ओरडत होती, “न्हाई सर! खरंच न्हाई!” आणि सर कुणाचं म्हणून ऐकत नव्हते. बोटांच्या फटीतून घालत होते, मामांच्या तर तोंडातच कोंबली. माझ्यापाशी आले तेव्हा मी म्हटलं, “सर, मला शुगर आहे, नको.” ते म्हणाले, “आवो बाई, येक!” आणि माझ्या आडव्या हातावरच ती गरम जिलेबी ठेवून पुढे गेले. पाक मनगटावरून ओघळला. मी ती खाल्ली.