शेजाऱ्यांची वाढ

बातमी आली तेव्हा मी मसुऱ्याच्या एका सभेत बोलत होते. विषय नेहमीचाच, किनाऱ्याचा विकास आणि तो नेमका कोणाचा. फोन थरथरत राहिला, मी तो बंद करत राहिले. शेवटी घेतला तर सलीम, माझ्या शिक्षिका रुकय्याबाईंच्या भावाचा मुलगा. आत्याला तो फुफी म्हणतो. "फुफी गेली गो," एवढंच म्हणाला. मी परत जाऊन उरलेलं भाषण पुरं केलं. काय बोलले ते आठवत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला त्यांचा राग आला...

बाई मालवणला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली होती. वडील ती गावोगाव वाटत, मी मुळाक्षरं त्यांच्याच कोऱ्या बाजूवर गिरवली. उद्गारचिन्ह न देताही वाक्य संपवता येतं, हे मला बाईंनी शिकवलं. वर्गात त्या फळ्यावर चार चौकोन काढत आणि म्हणत, "ही चार घरं. एकाच खोताच्या जाचातून सुटलेली. लंकेने आधी शाळा आणि दवाखाने बघितले. पाकिस्तानच्या गिरण्या सुरुवातीला आपल्यापेक्षा जोरात चालल्या. बांगलादेश सगळ्यांत उशिरा सुटला, पण त्याच्या मुली शिवणयंत्रावर बसल्या आणि घर उभं राहिलं." कोणीतरी विचारायचंच, "आणि आपण, बाई?" "आपण सगळंच थोडं थोडं केलं. कुंपण तेवढं पुरं घातलं."

त्या कुंपणापलीकडे बाईंची धाकटी बहीण होती. हमीदा. कराचीतल्या एका कोकणी घरात तिचं लग्न झालं होतं. सुरुवातीला येणंजाणं होतं, मग ते आटलं, मग उरला फक्त फोन. बाईंनी लग्न केलं नाही. बंदराजवळच्या वडिलोपार्जित घरात त्या एकट्या राहत आणि त्यांच्या बोलण्यातला सगळा मोकळेपणा त्या फोनसाठी राखून ठेवलेला असे. दोघी बहिणी आपापल्या देशांची बाजू घेऊन भांडत.

"तुमच्याकडे लायट खंय आसता? बोलता बोलता काळोख," बाई म्हणत.

"आणि तुमच्या नळाक पाणी येता काय? की अजून बावच?" पलीकडून हमीदा.

एकदा मी तिथे बसलेले असताना बाई तिला सांगत होत्या की उद्या एका व्याख्यानात 'शेजाऱ्यांची वाढ' या विषयावर बोलायचं आहे. हमीदा लहान वयातच लग्न होऊन गेलेली, पुस्तकी मराठी तिच्या कानावरून कधी गेलीच नव्हती. वाढ म्हणजे तिच्या लेखी पानात वाढणं, दुसरं काही नाही. "काय म्हणतंस गो आपा?" ती म्हणाली. "शेजाऱ्यांक वाढतंस? मगे माझ्या पानात कित्याक काय पडूक नाय?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी व्याख्यानाची सुरुवात त्यांनी याच चुकीपासून केली. वाढ झाली, ठीक. वाढप कोणी केलं? पंगतीच्या शेवटाला बसलेल्यांपर्यंत भात पोचला का?

आमचं खरं भांडण एका पत्रकावरून झालं. चौकात फलक लागले होते, आपण शेजाऱ्यांना मागे टाकलं म्हणून. मी उत्तरादाखल लिहिलं, शेजारी आपल्या पुढे गेले, लाज बाळगा! बाईंनी वाचून कागद परत दिला. "दोघांचं म्हणणं एकच. शर्यत आहे. ही शर्यत लावली कोणी, ते लिही." मी म्हटलं, लोकांना जागं करायचं तर टोचावं लागतं. मला आजही तसंच वाटतं. पण आता हे कोणाशी भांडायचं?

निवृत्तीनंतर बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट होती, हमीदाला एकदा डोळ्यांनी बघायचं. इथून तिथे जाता येत नव्हतं, तिथून इथे येता येत नव्हतं. मग त्यांनी कोलंबो ठरवलं. लंकेत दोघींनाही जाता येणार होतं. तेवढ्यात लंकाच कोसळली. पेट्रोलसाठी रांगा, दुकानांत औषधं नाहीत. "बाई, तुमचं आवडतं घर पडलं," मी डिवचलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "छप्पर उडालं म्हणून घरात शाळा काढली ती चूक ठरत नाही गो. कर्ज कोणी काढलं ते विचार."

लंका सावरू लागल्यावर बाई निघाल्या. मी सावंतवाडीच्या स्टेशनपर्यंत सोडायला गेले होते. पिशवीत कोकमं, कुळथाचं पीठ, बहिणीसाठी शिवलेला कुडता. त्या कोलंबोला पोचल्या आणि त्याच सुमारास भारत-पाकिस्तानात पुन्हा तणाव पेटला. हमीदाच्या मुलाची सरकारी नोकरी. हिंदुस्थानातल्या मावशीला भेटायला आई गेली हे कळलं तर... त्याने आईला निघू दिलं नाही. बाई ठरलेले दिवस तिथे एकट्याच राहिल्या आणि परत आल्या.

"काय केलंत इतके दिवस?" मी विचारलं.

"काय करतलंय? जेवलंय, निजलंय. बरे लोक आसत थंयचे." मग हळूच, "खानावळीतली बाई रोज विचारी, दुसरी खुर्ची उचलू काय? मी म्हणंय, ऱ्हवांदे."

त्यानंतर बाई देशांबद्दल फारसं बोलल्या नाहीत. मी जात असे, त्या चहा करत, खिडकीशी बसून राहत. एका सकाळी तिथेच बसल्या बसल्या गेल्या.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला सलीमने मला बाईंच्या घरी बोलावलं. जेवणं उरकून माणसं पांगली तेव्हा त्याच्या फोनवर हमीदाचा व्हिडिओ कॉल आला. मी तिला प्रथमच पाहत होते. बाईंचंच कपाळ, बाईंचीच हनुवटी. "तू ती पत्रकावाली ना?" ती म्हणाली. "माका घर दाखव गो."

मी फोन हातात धरून घरभर फिरले. पडवी, माजघर, बाईंची पुस्तकं. स्वयंपाकघरात शिरले तशी ती म्हणाली, "थांब. हंयच. चुलीची जागा तीच आसा... आपा भाकरी थापी आणि मी पाटावर बसान ऱ्हवंय." मग म्हणाली, "माका हंय ठेव आणि तू जरा भायर जा."

मी फोन भिंतीतल्या कोनाड्यात तांब्याला टेकवून ठेवला, चुलीकडे तोंड करून. बाहेर येऊन पायरीवर बसले. जरा वेळाने सलीम फोन शोधत आला. मी त्याला हाताने खूण केली, थांब. तो माझ्या शेजारी बसला.