नणंदेची चिलटं

केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर जीव टाकणारी जगात एकच बाई असेल, तर ती माझी धाकटी नणंद. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये आमच्यापासून सायकलनं दहा मिनिटांवर राहायची. तारेतून वीज खेळवली की भोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यात वाढलेली अळी कोषात उशिरा जाते का, चिलट वेळेवर बाहेर पडतं का, एवढंच शोधण्यात तिनं पीएचडीची चार वर्षं घातली. थंडीत चिलटांच्या बाटल्या प्रयोगशाळेत न्यायच्या त्या जाकिटाच्या आत, पोटाशी धरून. पुलावर वारा सुटला की ओरडायची, "वहिनी, आडोसा कर!" आणि मी, दोन मुलांची आई, चिलटांना सर्दी होऊ नये म्हणून वाऱ्याच्या बाजूनं सायकल हाकायचे. गणपतीत आरती संपली की आयटीवाले तिला घेरायचे, "वायफायनं काय होतं गं?" ही म्हणायची, "माणसाचं मला विचारू नका, चिलटाचंही अजून ठाऊक नाही." मंडळी हिरमुसून प्रसादाकडे वळायची.

प्रयोगाला तिनं मला धरलं. बारा बाटल्या, प्रत्येकीभोवती तारेचं वेटोळं. वीज मात्र सहांतच सोडायची. कोणत्या सहा ते मी ठरवायचं, चिठ्ठीवर लिहून लिफाफ्यात घालायचं आणि तिला अजिबात सांगायचं नाही. "मला कळलं तर माझे डोळे हवं तेच मोजतील," ती म्हणे. "शिवाय तुला यातलं ओ की ठो कळत नाही." कौतुकाची ही तऱ्हा आमच्या सासरचीच.

प्रयोगाच्या शेवटच्या खेपेला ती नाचतच आमच्या घरी आली. सहा बाटल्यांतली चिलटं चक्क एक दिवस उशिरा निघाली होती! अख्खा प्रबंध आता त्यावर उभा राहणार होता. तिनं नंबर घडाघडा म्हणून दाखवले आणि मी ते मनातल्या मनात ताडून पाहिले. वीज कुठे सोडली ते मला पाठ होतं. तिच्या सहांपैकी तीनच विजेच्या होत्या, तीन बिनविजेच्या. लिफाफा आणायला आत गेले. नवी चिठ्ठी लिहायला मिनिटही लागलं नसतं, आणि देवाशप्पथ सांगते, पेन हातात घेतलंही होतं. मग ते ठेवलं आणि जुनीच चिठ्ठी तिच्यापुढे धरली.

तिनं बोट ठेवून एकेक नंबर जुळवला. "निम्म्या निम्म्या," म्हणाली. "बदलावीशी नाही वाटली?"

"वाटली."

तशी माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मीही रडले. मग नाक पुसत म्हणाली, "काही फरक दिसला नाही, हेही कुणीतरी लिहायला हवंच ना गं!" आणि तिनं तसंच लिहिलं, एक आकडा इकडचा तिकडे न करता.

आता ती आइंडहोवनला नोकरी करते. त्या पेनाची मला अजून लाज वाटते, आणि असं माणूस हाकेच्या अंतरावर राहिलं नाही, याचं फार वाईट वाटतं.